तीनाचे दोन, दोनाचा एक

"अगं, आधी म्हणे तीन डोस होते. मग दोन झाले. आता एकच. उद्या म्हणतील, गरजच नव्हती! ह्यांचं ह्यांनाच ठरत नाहीये, मग मी माझ्या पोरीच्या दंडात कशाला टोचून घेऊ?"

माझ्या मुलीच्या मैत्रिणीची आई, म्हणजे आता माझीही मैत्रीण, फोनवर हे म्हणाली, त्याला आता तीन आठवडे झाले. विषय होता एचपीव्ही या विषाणूविरुद्धच्या लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लशीचा. दोघी मुली तेरा वर्षांच्या आहेत. मी तिला म्हटलं, "मला थोडा वेळ दे, नीट सांगते." एका वाक्यात सांगता आलं असतं की एका डोसने भागतं असं अभ्यासात दिसलंय. पण तिच्या आवाजातली शंका त्या वाक्याने गेली नसती. डोस कमी झाले म्हणजे कुणीतरी चुपचाप माघार घेतली, असं तिला वाटत होतं. मला माहीत असलेली हकिगत याच्या अगदी उलट आहे, आणि ती थोडक्यात मावत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

माझं काम वैद्यकीय भाषांतराचं. औषधांच्या चाचण्यांत, आरोग्याच्या पाहण्यांत भाग घेणाऱ्या माणसांच्या हातात जे संमतीपत्र पडतं, ते मी मराठीत आणते. सोळा वर्षं झाली. एकाने इंग्रजीचं मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून अर्थ कुठे निसटला ते शोधायचं, अशी पद्धत असते. त्यानंतर मजकूर एथिक्स कमिटीकडे जातो.

एकदा एका संमतीपत्रात मी 'पिशवीचं तोंड' असं लिहिलं होतं. बायका असंच म्हणतात. "पिशवी काढली", "पिशवीला सूज आहे", "पिशवीच्या तोंडाशी जखम आहे". कागद परत आला तेव्हा त्या शब्दांवर पेन्सिलीने रेघ होती आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गर्भाशय ग्रीवा'. मी वाद घातला नाही. फक्त विनंती केली की छापण्याआधी चार बायकांना वाचून दाखवूया. दुसऱ्याच बाईने मान तिरकी करून विचारलं, "ग्रीवा म्हंजे मान ना? मग हा मानेचा कॅन्सर का?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. ग्रीवा म्हणजे मानच. तिने विचारलं म्हणून कळलं. न विचारता अंगठा उठवून गेली असती तर कुणालाच कळलं नसतं. शेवटी आम्ही दोन्ही छापलं: 'गर्भाशयाचं मुख, म्हणजे पिशवीचं तोंड'.

हे सांगायचं कारण, पुढची सगळी हकिगत एका अर्थाने संमतीच्या कागदाचीच आहे.

२००६ साली ही लस पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा सहा महिन्यांत तीन डोस घ्यायचे असत. मूळ चाचण्या तीन डोसांवर झाल्या होत्या, म्हणून परवानगी तीन डोसांना. दोन का नाही, एक का नाही, हे कुणी तपासलेलंच नव्हतं. पण मुलींना सहा महिन्यांत तीनदा गाठून लस देणं ही सोपी गोष्ट नाही. एकदा शाळेत सापडलेली मुलगी दुसऱ्या वेळी आजारी असते, तिसऱ्या वेळी तिने शाळाच सोडलेली असते. त्यामुळे जिथे हा कॅन्सर सर्वांत जास्त जीव घेतो तिथेच लस सर्वांत कमी पोचणार, हे स्पष्ट दिसत होतं.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिने भारतातल्या संस्थांबरोबर एक चाचणी आखली. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांचा त्यात पुढाकार होता. दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार अविवाहित मुली घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांच्या दोन वाटण्या करायच्या, अर्ध्यांना दोन डोस, अर्ध्यांना तीन, आणि मग बघायचं की दोन डोस तीनांच्या तोडीचे आहेत का. सप्टेंबर २००९ मध्ये काम सुरू झालं. प्रश्न फक्त दोन की तीन एवढाच होता. एका डोसाचा गट त्या आराखड्यात कुठेच नव्हता.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने लस देणं थांबवायला सांगितलं.

या चाचणीत काही बिघडलं म्हणून नव्हे. त्याच काळात आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात हीच लस देण्याचा एक वेगळा प्रात्यक्षिक प्रकल्प चालू होता. त्यात लस घेतलेल्या सात मुलींचे मृत्यू झाल्याची बातमी आली. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. बुडणं, सर्पदंश, विषप्राशन, मलेरिया, अशी कारणं होती. पण चौकशीत दुसरं काही सापडलं, आणि ते माझ्या कामाच्या माणसाला झोप लागू न देणारं होतं. वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांच्या सह्या नव्हत्याच. त्या जागी वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने या प्रकल्पावर फार कडक शब्दांत अहवाल दिला.

लोक खवळले ते योग्यच होतं, असं मला आजही वाटतं. मूल तुमचं, दंड त्याचा, आणि होकार भरणारा तिसराच. लस चांगली होती हे त्यावरचं उत्तर होऊच शकत नाही. पण त्या संतापाच्या भरात देशातल्या सगळ्याच एचपीव्ही चाचण्यांची सुई एका दिवशी थांबली.

त्या दिवसापर्यंत आयएआरसीच्या चाचणीत १७,७२९ मुलींना निदान एक तरी डोस मिळालेला होता. ज्यांची नावं आधी नोंदली गेली त्यांचे डोस पूर्ण झाले होते: ४,३४८ मुलींना तीन, ४,९७९ मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन. ज्या मधे कुठेतरी होत्या अशा ३,४५२ मुलींना पहिला आणि दोन महिन्यांनंतरचा, असे दोन मिळाले आणि तिसरा राहिला. आणि ज्यांनी उशिरा नाव नोंदवलं होतं त्या ४,९५० मुलींच्या वाट्याला एकच डोस आला.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा या शेवटच्या आकड्यापाशी थांबले. जवळजवळ पाच हजार मुली. त्यांच्या आईवडिलांनी विश्वासाने सही केली होती, दोन किंवा तीन डोस मिळतील असं त्यांना सांगितलं होतं, आणि एक टोचून झाल्यावर सगळं थांबलं. चाचणीच्या हिशेबात अशा मुली म्हणजे वाया गेलेली नोंद. प्रश्न दोन की तीन असा होता, आणि यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. वही मिटून टाकायला ते कारण पुरेसं होतं.

वही मिटली नाही. संशोधकांनी ठरवलं की एक डोस मिळालेल्या मुलींसकट सगळ्यांच्या मागावर राहायचं.

आता हे 'मागावर राहणं' म्हणजे काय, ते बघा. या कॅन्सरची सुरुवात एचपीव्हीच्या संसर्गापासून होते. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३-८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार कॅन्सरच्या पेशींत दाखवले, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांना पुढे धोका असतो, आणि कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणून अशा अभ्यासात कॅन्सरची वाट बघत नाहीत, ठाण मांडून बसलेला संसर्ग मोजतात. तो लैंगिक संबंधांतून येतो. त्यामुळे नमुना घ्यायचा तो लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, असं ठरलं.

म्हणजे दहा-बारा वर्षांची मुलगी मोठी होऊन तिचं लग्न होईपर्यंत थांबायचं. लग्न झालं की आडनाव बदलतं, पत्ता बदलतो, फोन बदलतो, आणि तिच्या शरीराबद्दल बोलायला आता तिच्या घरची दुसरीच माणसं समोर असतात. माहेरी जाऊन सासरचा पत्ता घ्यायचा, सासरी जाऊन ओळख सांगायची, "तुम्ही लहान होतात तेव्हा एक इंजेक्शन घेतलं होतं, आठवतं का?" इथून सुरुवात करायची, आणि मग पिशवीच्या तोंडाशी असलेल्या पेशींचा नमुना मागायचा. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. शोधनिबंधात याला एकच शब्द असतो, 'फॉलो-अप'. मराठीत मी त्याला 'पाठपुरावा' लिहिते आणि दर वेळी वाटतं की या शब्दात चाललेले पाय दिसत नाहीत.

२०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. नऊ वर्षांच्या आसपासच्या पाठपुराव्यानंतर १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून मिळालेलं संरक्षण असं होतं: तीन डोसांनी ९३.३ टक्के, दोन डोसांनी ९३.१ टक्के, एका डोसाने ९५.४ टक्के. एकाचा आकडा वर दिसतो म्हणून एक डोस जास्त चांगला असं समजायचं नाही. असे आकडे थोडे मागेपुढे असतातच. अर्थ एवढाच की तिन्ही सारखे ठरले.

एक आक्षेप रास्त होता. एक डोस मिळालेल्या मुली चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, मग त्या काही वेगळ्या असतील तर? पण कुणाला एक मिळाला आणि कुणाला तीन, हे मुख्यतः नाव कधी नोंदवलं यावर ठरलं होतं. मुलीच्या तब्येतीने किंवा घरच्यांच्या मर्जीने ते ठरलं नव्हतं. ती दुर्दैवी तारीखच इथे चिठ्ठी ठरली.

कोस्टा रिकामध्येही काहीसं असंच घडलं होतं. २००४ पासून तिथे ७,४६६ तरुणींवर चाचणी चालू होती, त्यातल्या सुमारे २० टक्के जणींचे तीन डोस पूर्ण झाले नाहीत. कुणी मधेच गरोदर राहिली, कुणाला पुढच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं. एकच डोस मिळालेल्या तिथे दोनशेच्या आसपास होत्या. अकरा वर्षांनीही त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, टिकून होती.

या दोन ठिकाणच्या आधाराने मग मुद्दाम तोच प्रश्न विचारणारी चाचणी केनियात झाली, केन-शी नावाची. १५ ते २० वर्षांच्या २,२७५ मुली, रीतसर चिठ्ठ्या टाकून वाटण्या, काहींना एचपीव्ही लशीचा एकच डोस, काहींना त्याऐवजी मेंदूज्वराची लस. दीड वर्षानंतर १६ आणि १८ पासूनचं संरक्षण ९७.५ टक्के निघालं. हा निकाल एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने एका डोसाला हिरवा कंदील दाखवला आणि डिसेंबरमध्ये संघटनेने तसा अधिकृत मजकूर काढला: ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक डोस चालेल, २१ पासून पुढे दोन, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, जसं एचआयव्हीसह जगणाऱ्या, त्यांना कमीत कमी दोन आणि शक्य असेल तर तीन.

एका डोसाने भागतं तरी कसं, हे मैत्रिणीने नक्की विचारलं असतं, म्हणून तेही सांगते. या लशीत जिवंत किंवा मेलेला विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं एक प्रथिन असतं. ते एकत्र आलं की आपोआप पोकळ चेंडूसारखं जुळतं, आणि त्या चेंडूवर तेच प्रथिन ३६० वेळा एकसारख्या अंतरावर मांडलेलं असतं. आपल्या रोगप्रतिकारक पेशींना अशी दाट, रेखीव मांडणी बहुतेक वेळा विषाणूंवरच दिसते. त्यामुळे शरीर ती फार गांभीर्याने घेतं आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहणाऱ्या पेशी तयार करून ठेवतं. इतर पुष्कळ प्रथिनांच्या लशींना पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते, तशी हिला लागत नाही.

धोरण बदलल्यावर काय झालं? २०१९ साली लशीचा एवढा तुटवडा होता की आधी लहान मुलींना पुरवा, मुलग्यांचं आणि मोठ्या वयोगटांचं नंतर बघू, असा सल्ला तज्ज्ञांना द्यावा लागला होता. दोनाऐवजी एकच डोस झाल्यावर त्याच साठ्यात दुप्पट मुली बसल्या. ऑस्ट्रेलियाने आणि ब्रिटनने २०२३ मध्येच एका डोसाचं वेळापत्रक घेतलं. जगभरात निदान एक डोस मिळालेल्या मुलींचं प्रमाण २०२४ मध्ये ३१ टक्क्यांवर आलं. अजून दहातल्या सात जणी बाहेर आहेत, हेही खरंच. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि साडेतीन लाख गेल्या.

लस खरंच कॅन्सर रोखते का, हा प्रश्न आता उरलेला नाही. स्कॉटलंडने २००८ पासून शाळांत लस दिली. बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या तिथल्या मुलींमध्ये पसरणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही, हे २०२४ मध्ये छापून आलं. एकही नाही. माझ्या कामात शून्य हा आकडा फार क्वचित टाइप करायला मिळतो.

आणि शंकेची किंमत काय असते तेही दिसलेलं आहे. जपानने एप्रिल २०१३ मध्ये ही लस नियमित कार्यक्रमात घेतली आणि दोनच महिन्यांत, दुखणी-थकव्याच्या तक्रारींच्या बातम्या आल्यावर, तिची शिफारस करणं थांबवलं. लस काढून घेतली नाही, बंदी घातली नाही. फक्त "घ्या" असं सांगणं बंद केलं. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एका टक्क्याच्याही खाली गेलं. पुढे नागोया शहरात सुमारे तीस हजार तरुणींनी भरून दिलेल्या माहितीवरून २४ प्रकारच्या तक्रारी तपासल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत तसा फरक निघाला नाही. तरी शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. जवळजवळ नऊ वर्षं. त्यातल्या पहिल्या वर्षांत बारा-तेरा वर्षांच्या असलेल्या जपानी मुली आज विशीत आहेत.

म्हणून मला मैत्रिणीच्या शंकेचा राग येत नाही, पण भीती वाटते.

आता मावशीबद्दल. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले.

माझी मावशी याच कॅन्सरने २०११ साली गेली. चोपन्न वर्षांची होती. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. एका दवाखान्यात ती एकदाच गेली, तिथे तिला न तपासता सांगितलं की या वयात होतं असं. मग ती कुणालाच काही बोलली नाही. ती गेल्यावर तिचं कपाट मी आणि आईने आवरलं. खालच्या कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली कापडाच्या घड्या होत्या, धुऊन, इस्त्री केल्यासारख्या सपाट करून, एकावर एक. आईने त्यातली एक हातात घेतली, उलगडली, पुन्हा तशीच घडी घातली आणि जागेवर ठेवली. आम्ही दोघी काही बोललो नाही. आठ महिने ती रात्री उठून ती कापडं धूत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिच्या पिढीला लस मिळणं शक्यच नव्हतं. पण तपासणी शक्य होती. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांचा. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि तीच आयएआरसी. गावांचे ५२ गट करून चार वाटण्या केल्या होत्या. एका वाटणीतल्या बायकांची आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केली. एका वाटणीला नेहमीसारखंच ठेवलं, म्हणजे तिथे तपासणीच नव्हती. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या होत्या. तपासणी नसलेल्या ३१,४८८ पैकी ६४.

एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. आज जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी एचपीव्ही-डीएनए चाचणीला पहिली पसंती देते, आणि वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा तरी ती व्हावी असं म्हणते. त्यामागच्या भक्कम पुराव्यांत हा अभ्यास आहे.

या अभ्यासावर पुढे टीका झाली. कॅन्सर रोखता येतो हे ठाऊक असताना एका वाटणीला तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, असा प्रश्न परदेशातल्या डॉक्टरांनीही विचारला. करणाऱ्यांचं म्हणणं, तिथे तेव्हा तपासणी कुणालाच मिळत नव्हती, आम्ही कुणाची काढून घेतली नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. मला वाटतं, पुरावा लागतच होता, कारण पुराव्याशिवाय सरकारं हलत नाहीत. पण ते चौसष्ट मला नुसता आकडा म्हणून वाचता येत नाहीत. त्या चौसष्टजणींच्या कपाटातही काही ना काही घडी घालून ठेवलेलं असेल. मावशी त्या जिल्ह्यातली नव्हती, कुठल्या अभ्यासात नव्हती. ती गेली तेव्हा तो निकाल छापून दोन वर्षं झाली होती, आणि तो तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता.

आणि इथे मला माझ्या कामातली एक गोष्ट उघड बोलायची आहे. सोळा वर्षांत मी संमतीपत्रं किती केली याची मोजदाद नाही. निकालपत्र एकच केलं. माणसाकडून काही मागायचं असतं तेव्हाचे कागद सोप्या मराठीत करायला सगळे धावतात, चारदा तपासतात. अभ्यास संपल्यावर "तुम्ही भाग घेतला होतात, त्यातून हे कळलं" असं सांगणारा कागद मात्र कुणाच्या यादीतच नसतो. हेलसिंकी जाहीरनामा, जो माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचा पाया मानतात, त्यात २०१३ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे की भाग घेणाऱ्यांना अभ्यासाचे निकाल कळवून घेण्याची मुभा हवी. २०२४ च्या आवृत्तीत तर 'सब्जेक्ट' हा शब्द जाऊन 'सहभागी' हा शब्द आला. शब्द बदलला याचा मला मनापासून आनंद झाला. पण सहभागी म्हटलं की निकालातही वाटा आला.

ते एक निकालपत्र माझ्याकडे अजून आहे. दुसऱ्याच एका आजाराचा अभ्यास होता. एका पानाचा मजकूर, मोठ्या टाइपात. मूळ इंग्रजीत कर्मणी वाक्य होतं, असं असं आढळून आलं. मी मराठीत लिहिलं, 'तुमच्यामुळे आम्हाला हे कळलं'. कुणी पेन्सिल लावली नाही.

त्या ४,९५० मुली आता पंचविशी-तिशी ओलांडत असतील. त्यांतल्या काहींच्या मुली लवकरच नऊ वर्षांच्या होतील, लशीच्या वयाच्या. आपल्या दंडात अर्ध्यावर थांबलेल्या त्या एका सुईवरून जगातल्या कितीतरी देशांचं वेळापत्रक बदललं, हे त्यांना कुणी त्यांच्या भाषेत, त्यांच्या दारात जाऊन सांगावं, अशी माझी फार इच्छा आहे. भाषांतर मी करीन. कुणी मागितलं तर त्याच दिवशी करीन.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं. पाऊण तास लागला. ती मधे फक्त दोनदा बोलली. एकदा सह्यांचं ऐकून "बापरे" म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे कमी केले नाहीत गं. मोजून काढले." मग थांबून, "तुम्ही कधी जाताय?"

गेल्या शनिवारी आम्ही चौघी गेलो. मी मुलीला सांगितलं होतं की पुढे तिशीनंतर तपासणी करावीच लागेल, लस घेतली म्हणून ती चुकत नाही. ती म्हणाली, "आई, आत्ता सुईबद्दल बोल." टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. नर्सताईंनी लशीची कार्डं भरायला घेतली. छपाई जुनी होती. कार्डावर तीन ओळी होत्या, पहिला डोस, दुसरा डोस, तिसरा डोस, प्रत्येकीपुढे तारखेची जागा. ताईंनी पहिल्या ओळीत तारीख घातली, सही केली, आणि पट्टी ठेवून खालच्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली.